दाताचे डॉक्टर आणि परदेशाची वाट

आपल्या मुलामुलींत आता दाताचे डॉक्टर बऱ्यापैकी दिसू लागले आहेत. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी वस्तीतला एखादा मुलगा बीडीएसला लागला तर चार गल्ल्यांत त्याची चर्चा होई. आज तालुक्याच्या गावीही बीडीएस करणारी दोन-चार मुले सापडतात आणि त्यांत मुली अधिक असतात. आनंदाची गोष्ट आहे. पण इंटर्नशिप संपत आली की या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो आणि आमच्या रविवारच्या मार्गदर्शन वर्गात तो आमच्यापुढे येतो. ‘पोराने पुढे परदेशात शिकायला जावे की नाही?’ विचारणारे आईबाप असतात. ज्याचा प्रश्न तो पोरगा किंवा ती पोरगी बाजूला गप्प बसलेली असते. कुणी म्हणतो, ‘हिचे मनच नाही हो.’ कुणी म्हणतो, ‘याच्या डोक्यात नुसती अमेरिका भरली आहे.’

आज आम्हांला या ‘मना’विषयीच लिहायचे आहे. परदेशी शिकायला जाण्याचे मन होणे किंवा न होणे ही काही जन्मजात गोष्ट नव्हे. घरची ऐपत, ओळखीपाळखी, इथल्या कमाईचे चित्र, मुलगी असेल तर लग्नाची चिंता आणि सरकारने दिलेला शब्द, या सगळ्यांतून ते मन घडत जाते. आमचा अनुभव असा आहे की, आपल्या घरांत ‘मन नाही’ हे उत्तर बहुतेक वेळा ‘माहिती नाही’ किंवा ‘पाठीशी कोणी नाही’ याचेच दुसरे नाव असते. आणि ‘मन आहे’ हे उत्तरही पुष्कळदा अर्धवट माहितीवर उभे असते. दोन्हींत धोका आहे. एकीत हुशार मुलीची वाट बंद होते, दुसरीत बापाचे घर गहाण पडते.

इथले चित्र आधी पाहू

बीडीएसचा अभ्यास पाच वर्षांचा. चार वर्षे शिकण्याची, एक इंटर्नशिपची. देशात आज तीनशेहून अधिक डेंटल कॉलेजे आहेत आणि बीडीएसच्या वर्षाला २६ हजारांहून अधिक जागा आहेत. एमडीएसच्या जागा त्याच्या साधारण चौथाई. म्हणजे चारांतल्या तिघांना इथे पुढचे शिक्षण मिळण्याची सोयच नाही. त्यातही वेडेवाकडे दात सरळ करण्याची शाखा किंवा तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेची शाखा, जिला मागणी आहे, तिच्या सरकारी जागा फार थोड्या. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील सरकारी डेंटल कॉलेजे आणि मुंबई महापालिकेचे नायर हा कमी फीचा मोठा आधार. बाकीचा बहुतेक कारभार खाजगी. खाजगी एमडीएसची फी ऐकली की पगारदार माणूस पुढचा प्रश्नच विचारीत नाही.

कमाईचे म्हणाल तर नुकत्याच बीडीएस झालेल्या मुलाला शहरातल्या दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये जे हातात पडते, ते सरकारी कार्यालयातल्या कायम शिपायाच्या पगारापेक्षा कमी असते, असे आम्हांला एकाने नव्हे, अनेकांनी सांगितले आहे. स्वतःचे क्लिनिक थाटायचे तर खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रेचे यंत्र, हत्यारे निर्जंतुक करण्याचे ऑटोक्लेव्ह आणि जागेचे डिपॉझिट, एवढे आधी उभे करावे लागते. सरकारी नोकरी हवी तर दाताच्या डॉक्टरची पदे मोजकी आणि ती जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांपुरती. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे पद सहसा नसतेच.

ज्या मुलाने बारावीनंतर पाच वर्षे घासली, त्याला हे चित्र दिसले की तो खिडकीबाहेर बघू लागतो. त्यात त्याचा दोष नाही. परदेशाची ओढ ही बाहेरच्या झगमगाटाने जितकी लागते, तितकीच इथल्या कोंडमाऱ्यानेही लागते. म्हणून ‘देशाचे खाऊन देश सोडतात’ असे टोमणे मारणाऱ्यांनी आधी इथला पगार विचारावा.

ज्याला मामा आहे त्याला वाट आहे

एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलींचे उदाहरण घ्या. एकीचा मामा न्यू जर्सीत आहे. तिला दुसऱ्या वर्षातच कळते की अमेरिकेत दातांवर उपचार करायचे तर आयएनबीडीई नावाची राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, इंग्रजीची टोफेल द्यावी लागते, प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात, शिबिरांत आणि संशोधनात केलेल्या कामाची नोंद लागते. ती पहिल्या दिवसापासून कागद जमवू लागते. दुसरीचे वडील एसटीत चालक. तिला हे सगळे इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यात, कॅन्टीनमध्ये, कुणाच्या तरी बोलण्यातून कळते. तोवर जे प्राध्यापक तिला ओळखत होते ते बदलून गेलेले असतात. मग ती म्हणते, ‘जाऊ दे, मला नाही जायचे.’

अशाच एका मुलीशी आम्ही सविस्तर बोललो. सरकारी कॉलेजची, पहिल्या वर्गात पास झालेली. तिचे मन खरोखरच नसेल तर आम्हांला काही म्हणायचे नव्हते. आम्ही तिला तीनच गोष्टी विचारल्या. पैशाची सोय झाली तर जाशील का? तिकडे राहणारी आपल्यातली एखादी डॉक्टर फोनवर बोलली तर बरे वाटेल का? आणि घरचे ‘जा’ म्हणाले तर? तिसऱ्या प्रश्नाला तिच्या डोळ्यांत पाणी आले. मन होते. ते बोलून दाखवण्याची सोय नव्हती. घरात धाकटे दोन भाऊ शिकत होते, आणि ‘मला जायचे आहे’ म्हणणे म्हणजे त्यांच्या ताटातले ओढून घेणे, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

घरातली पहिली डॉक्टर होणे हा मान आहे, तसेच ते ओझेही आहे. बाप निवृत्तीला आलेला असतो, घराचे हप्ते चालू असतात, बहिणीचे लग्न असते. ज्यांच्या घरात दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे डॉक्टर आहेत, त्यांच्या मुलाने आणखी तीन वर्षे कमावले नाही तरी चूल पेटते. आपल्या घरांत त्या तीन वर्षांचा हिशेब पोरगी रात्री जागून करते आणि सकाळी म्हणते, मन नाही.

भीतीचाही भाग असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला वाटते, गोऱ्या पेशंटशी इंग्रजीत कसे बोलणार? ही भीती खरी, पण सरावाने जाणारी आहे. दाताचे काम हे हाताचे काम आहे. अमेरिकेतल्या कित्येक कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी नकली दात देऊन त्यावर कोरून दाखवायला सांगतात. ज्याचा हात साफ आहे, तो तिथे जातीने, गावाने किंवा शाळेने मागे राहत नाही. सरकारी कॉलेजच्या ओपीडीत आमची मुले पेशंटच्या रांगा उपसतात. तो सराव ही त्यांची शिदोरी आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितले पाहिजे.

‘परदेशात शिकणे’ म्हणजे नेमके काय?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ‘परदेशात शिकायला जाणे’ या तीन शब्दांत दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत, आणि आमच्या पाहण्यातले बहुतेक नुकसान या दोन वाटांची गल्लत झाल्याने झाले आहे.

पहिली वाट परवान्याची. म्हणजे तिकडे दातावर उपचार करण्याचा हक्क मिळवण्याची. आपली बीडीएस पदवी घेऊन अमेरिकेत थेट क्लिनिक उघडता येत नाही. परदेशी पदवीधरांसाठी तिथल्या कॉलेजांत दोन ते तीन वर्षांचा खास अभ्यासक्रम असतो. तो करून तिथली डीडीएस किंवा डीएमडी पदवी घ्यायची आणि मग त्या त्या राज्याचा परवाना काढायचा. कॅनडात पुन्हा कॉलेजात न बसताही राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षांची साखळी पार करून परवान्यापर्यंत जाता येते. ऑस्ट्रेलियातही कागदपत्रांची तपासणी, लेखी आणि प्रात्यक्षिक अशा पायऱ्या आहेत. इंग्लंडमध्ये ओआरई ही दोन भागांची परीक्षा आहे. महामारीच्या काळात ती बरेच महिने बंद राहिली आणि त्यानंतर तिच्या जागा मिळवताना उमेदवारांची फार ओढाताण झाली. जर्मनीत तर पेशंटशी जर्मन भाषेतच बोलावे लागते, त्यामुळे भाषेची परीक्षा आधी.

दुसरी वाट ज्ञानाची. म्हणजे सार्वजनिक आरोग्य, रुग्णालय व्यवस्थापन, दंतविज्ञानातील संशोधन अशा विषयांत मास्टर्स किंवा पीएचडी करणे. हा अभ्यास चांगला आहे, वर्षा-दोन वर्षांत मास्टर्स होते आणि खर्चही पहिल्या वाटेच्या मानाने कमी. पण हे केले म्हणून तिकडे पेशंटच्या तोंडात हात घालण्याचा परवाना मिळत नाही. ही ओळ आईबापांनी दोनदा वाचावी.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने शहरातल्या एका सल्लागार कंपनीच्या बोलण्यावर विसंबून गावाकडचा प्लॉट विकला. ‘मुलगा दोन वर्षांत तिकडे डॉक्टर म्हणून कामाला लागेल’ असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात प्रवेश होता सार्वजनिक आरोग्याच्या पदवीला. पदवी मिळाली, परवाना नव्हता. मुलगा हुशार होता म्हणून एका संशोधन प्रकल्पात कामाला लागला आणि निभावले. पण प्लॉट गेला तो गेलाच. अशा कंपन्यांची कमाई प्रवेश करून देण्यावर असते. पुढे काय होते त्याशी त्यांना देणेघेणे नसते. म्हणून प्रवेशाच्या पत्रावर पदवीचे नाव काय आहे आणि त्या पदवीने उपचाराचा परवाना मिळतो का, हे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारावेत.

थोडा हिशेब

आम्ही पेशाने कारकून. आकडा मांडल्याशिवाय आम्हांला झोप येत नाही. अमेरिकेतल्या परवान्याच्या अभ्यासक्रमाची फीच बहुतेक ठिकाणी दीड-दोन लाख डॉलरच्या घरात किंवा त्याच्याही वर जाते. राहणे-खाणे वेगळे. एका डॉलरला ऐंशीहून जास्त रुपये मोजावे लागतात, म्हणजे सगळे मिळून कोटीच्या वर गोष्ट गेली. समजा एक कोटीचे कर्ज काढले आणि व्याज शेकडा ११ धरले, तर नुसते व्याजच वर्षाला ११ लाख. महिन्याला साडेएक्याण्णव हजारांहून अधिक. मुद्दल तसेच उभे.

हे वाचून घाबरून जाऊ नये. परवाना मिळालेल्या दंतवैद्याचे अमेरिकेतले मध्यम वार्षिक उत्पन्न तिथल्या सरकारी आकडेवारीप्रमाणे दीड लाख डॉलरच्या वर आहे. म्हणजे काम सुरू झाले तर कर्ज फिटते. पण ‘झाले तर’ या दोन शब्दांवर सगळा डोलारा आहे. आजारपण, नापास होणे, व्हिसाचा नियम बदलणे, काहीही आडवे येऊ शकते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा केली तेव्हा कित्येक घरांत त्या रात्री जेवण गेले नसेल.

आणि कर्ज मिळते कुणाला? बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपुढे साधारणपणे तारण मागतात. शहरात फ्लॅट असणाऱ्याचा मुलगा तारण ठेवतो. भाड्याच्या खोलीत किंवा गावठाणातल्या बिनकागदी घरात राहणारा काय ठेवणार? तेव्हा दोन मुलांची गुणपत्रिका सारखी असूनही एकाचे मन ‘होते’ आणि दुसऱ्याचे ‘होत नाही’. लोक याला हिंमत म्हणतात. आमच्या मते त्यातला मोठा हिस्सा सातबाऱ्याचा आणि फ्लॅटच्या कागदाचा असतो.

मुलींच्या बाबतीत

बीडीएसच्या वर्गात मुली जास्त, पण परदेशाचा विषय निघाला की मुलीला पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारला जात नाही. ‘लग्नाचे काय?’ हा विचारला जातो. बीडीएस होईपर्यंत मुलगी तेवीस-चोवीस वर्षांची होते. त्यात आणखी तीन वर्षे धरली की नातेवाईकांचे आकडे सुरू होतात.

यातून एक नवीच रीत रूढ झाली आहे. मुलीला शिकायला पाठवायला नको म्हणणारे आईबाप तिच्यासाठी अमेरिकेतला इंजिनियर मात्र आनंदाने शोधतात. ‘तिकडे जाऊन शिकेल की!’ असे म्हणतात. मुलगी नवऱ्याच्या व्हिसावर जाते. त्या एच-४ व्हिसावर शिकता येते, पण नोकरी करण्याची मुभा सरसकट नसते. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचे काम ठराविक टप्प्यावर गेले असेल तरच वेगळा परवाना काढता येतो. परीक्षा, फी, गाडी चालवणे, सगळे नवऱ्याच्या पगारावर आणि मर्जीवर. काही मुलींना समजूतदार जोडीदार मिळतो आणि त्या उत्तम डॉक्टर होतात. अशा आमच्याही ओळखीत आहेत. पण जिचे नशीब तसे नसते, ती पाच वर्षे हाताला सराव नसलेली डॉक्टर होऊन घरी बसते. स्वतःच्या प्रवेशावर, स्वतःच्या व्हिसावर गेलेली मुलगी आणि दुसऱ्याच्या व्हिसावर गेलेली मुलगी यांत फार अंतर आहे, हे आईने तरी ओळखावे.

इंग्लंडला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. जानेवारी २०२४ पासून तिथे साध्या मास्टर्सला जाणाऱ्या विद्यार्थ्याला पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. संशोधनाच्या पदवीला ती सवलत आहे. ‘लग्न करून दोघे जा’ असे सांगणाऱ्या सासरमाहेरने हा नियम आधी पाहावा. नाहीतर ऐनवेळी मुलीचेच जाणे रद्द होते. मुलाचे होत नाही.

शिष्यवृत्ती आणि सरकारचा शब्द

आपल्या मुलांसाठी दोन मोठ्या सरकारी योजना आहेत. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती, जिच्या वर्षाला १२५ जागा असून त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. आणि महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, ७५ जागांची. दोन्ही मास्टर्स आणि पीएचडीसाठी आहेत. उत्पन्नाची मर्यादा, वयाची अट आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत कुठे हवे याची अट दोन्हींत आहे, आणि या अटी वेळोवेळी बदलतात. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले हे न विचारता चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी.

इथे आमच्या दंतवैद्यक मुलांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. वर सांगितलेल्या दोन वाटांपैकी या शिष्यवृत्त्या सरळ बसतात त्या दुसऱ्या वाटेला, म्हणजे मास्टर्स-पीएचडीला. अमेरिकेतल्या परवान्याच्या महागड्या अभ्यासक्रमाला त्या मिळतील असे गृहीत धरून चालू नये. जाहिरात वाचून, गरज पडल्यास समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारून मगच पाऊल टाकावे. राष्ट्रीय अनुसूचित जाती वित्त व विकास महामंडळाची परदेशी शिक्षणासाठी कर्ज योजना आहे, तीही बँकेच्या दारात जाण्यापूर्वी पाहावी.

पण योजना कागदावर असणे आणि तिच्यावर भरवसा बसणे यांत फरक आहे. जुलै २०२५ मध्ये बातम्या आल्या की, केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी ४० जणांनाच पहिल्यांदा पत्रे देण्यात आली आणि बाकीच्यांची पत्रे निधी उपलब्ध होईल तसे देऊ असे कळवण्यात आले. परदेशी विद्यापीठ पैसे भरण्याची तारीख पुढे ढकलत बसत नाही. ज्याच्या घरी दुसरी सोय आहे तो थांबतो. ज्याच्या घरी नाही, त्याची जागा जाते. आणि ही बातमी वाचणारा त्याच्या मागच्या वर्गातला मुलगा मनात म्हणतो, ‘आपण कशाला त्या भानगडीत पडा?’ मन मरते ते असे. सरकारी कचेरीतल्या एका उशिराने किती मने मरतात याचा हिशेब कुठल्याच फायलीत नसतो.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण सगळे देतो, पण त्यातला हा भाग सांगायचा राहतो. १९१३ साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्यांच्यासारख्या माणसाच्या मनात काही कमी होते काय? पैसा थांबला म्हणून अभ्यास थांबला. सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेली पुंजी, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज, एवढे जमल्यावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि तो अभ्यास पुरा केला. मन त्यांचे होते, पण त्या मनाला हात देणारे तिघे-चौघे होते. आपल्या मुलांकडून बाबासाहेबांसारख्या जिद्दीची अपेक्षा करायची आणि आपण भथेना व्हायचे नाही, हे कसे चालेल?

परत येतील का?

हा प्रश्न सभांतून फार जोरात विचारला जातो. आमचे म्हणणे असे की, जाण्याआधीच मुलाच्या गळ्यात परतीची शपथ अडकवू नये. कोटीचे कर्ज डोक्यावर घेऊन गेलेला मुलगा ते इथल्या क्लिनिकच्या पगारात फेडू शकत नाही, हे साधे गणित आहे. परवान्याच्या वाटेने गेलेले बहुतेक तिकडेच राहतील हे धरून चालावे. घराला, भावंडांना आणि मागून येणाऱ्यांना त्यांनी हात द्यावा एवढे मागणे रास्त आहे.

दुसऱ्या वाटेचे तसे नाही. ज्यांना परत येऊन काम करायचे आहे त्यांच्यासाठी ती वाट मोठी आहे, कारण इथे काम पडलेले आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. आपल्या वस्त्यांत मळलेली तंबाखू, गुटखा आणि मशेरी काय करते ते सांगायला नको. तोंडाचा कॅन्सर वेळीच ओळखणारे, शाळांत आणि कामगारांत दातांच्या आरोग्याचे काम उभे करणारे लोक हवे आहेत. फक्त परत येणाऱ्याने एक बघावे की, तिकडची पदवी इथल्या नियामक संस्थेकडे जादा पात्रता म्हणून नोंदवता येईल का. १९४८ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला आहे, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नये.

आणि परत येणाऱ्यांनी काय होते ते पाहायचे असेल तर या व्यवसायाचाच इतिहास पाहावा. डॉ. रफिउद्दीन अहमद हे अमेरिकेत आयोवा विद्यापीठातून १९१५ साली दंतवैद्य झाले. बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकत होते तोच हा काळ. पुढे बोस्टनमध्ये मुलांच्या दातांच्या दवाखान्यात काम करून अहमद मायदेशी परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात भारतातले पहिले डेंटल कॉलेज काढले. सुरुवातीला त्याचा खर्च चालवायला त्यांनी सोडा-सरबताचे दुकान टाकले होते. १९४९ साली ते कॉलेज त्यांनी सरकारला देऊन टाकले. आज देशात जी शेकडो डेंटल कॉलेजे उभी आहेत, त्यांची पहिली वीट परदेशी जाऊन शिकून आलेल्या माणसाने ठेवली.

मग करायचे काय?

बीडीएसच्या दुसऱ्या वर्षीच घरात हा विषय काढावा. इंटर्नशिपपर्यंत थांबू नये. पहिला प्रश्न ‘कोणता देश?’ हा न विचारता ‘परवाना हवा की पुढचे ज्ञान हवे?’ हा विचारावा. त्यातून देश, परीक्षा आणि खर्च आपोआप ठरतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी पासपोर्ट काढावा. जातीचा दाखला आणि त्याचे वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, सर्व गुणपत्रिका यांची एक फाईल करावी. नावाच्या स्पेलिंगमध्ये शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट यांत फरक असेल तर तो तेव्हाच दुरुस्त करावा. या एका अक्षराने महिनोन्‌महिने वाया गेलेले आम्ही पाहिले आहेत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मिळवायला वेळ लागतो, तो आधीच धरावा. ज्या प्राध्यापकाने आपले काम पाहिले आहे त्यांचा पत्ता आणि ईमेल जपून ठेवावा. रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी बोलावे, लाजू नये.

आईबापांनी एक करावे. मुलीला ‘तुझे मन काय?’ असे विचारण्याआधी घरचा खरा हिशेब तिच्यापुढे मांडावा. किती शिल्लक, किती कर्ज, भावंडांचे किती लागणार. अंधारात विचारलेल्या प्रश्नाला मूल अंधारातलेच उत्तर देते. हिशेब समोर ठेवल्यावर ती ‘नाही’ म्हणाली तर तो तिचा निर्णय. त्याचा मान ठेवावा. इथे राहून तालुक्याला चांगले क्लिनिक चालवणारी डॉक्टर कुणापेक्षा कमी नाही.

आणि तिकडे जाऊन स्थिरावलेल्या आपल्या दंतवैद्यांना आमची विनंती आहे. पैसे पाठवता ते ठीकच. पण महिन्यातला एक तास काढून इकडच्या चार मुलांशी फोनवर बोला. कोणती परीक्षा कधी द्यायची, पहिल्या वर्षी थंडीत आणि एकटेपणात कसे काढायचे, कुठे फसायचे नाही, हे सांगा. ज्या मुलांना मामा नाही, त्यांचे मामा व्हा, मावशी व्हा. शिष्यवृत्तीची रक्कम सरकारच्या हातात आहे. ओळखीचा एक आवाज देणे आपल्या हातात आहे, आणि बुजलेले मन पुष्कळदा तेवढ्यानेही उभे राहते.